कौतिकामायचा अध्याय

आमच्या खात्याला अधूनमधून यशोगाथांची भूक लागते. मग व्हॉट्सॲपवर वरून निरोप येतो : आपल्या शाळेतल्या एका नवसाक्षराची यशोगाथा, एका पानात, फोटोसह, आज दुपारपर्यंत. आज दुपारपर्यंतच का, हे विचारायचं नसतं. जिल्हा परिषदेच्या नोकरीत माझे निम्मे केस गेले, पण सकाळी आलेल्या निरोपाची मुदत परवाची आहे, असं काही घडलेलं आठवत नाही. मागच्या महिन्यात असाच निरोप आला आणि मी मोठ्या उत्साहानं कौतिकामायबद्दल लिहायला बसलो. नमुन्यात रकाने होते. शिकण्यापूर्वीची परिस्थिती, शिकल्यानंतरचा बदल, आणि स्वयंसेवकाचे योगदान. पहिले दोन कसेबसे भरले. तिसऱ्यापाशी अडलो. स्वयंसेवक म्हणजे मीच होतो, आणि माझं योगदान काय हे काही केल्या आठवेना. शेवटी 'वेळोवेळी मार्गदर्शन केले' असं लिहून पाठवून दिलं. ते काही खरं नाही. मार्गदर्शन केलं की ती चिडायची.

म्हणून हे पुन्हा लिहायला बसलोय, रकाने न आखता. कौतिकामाय गेल्या हिवाळ्यात वारली. मी तेव्हा बदली होऊन कळमनुरीकडच्या शाळेत आलेलो होतो, बातमी फोनवर कळली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. मला बोलायचा हक्क असलेलं एक माणूस कमी झालं.

पुसेगावहून थोडं आत तिचं गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावाला माझ्यापासून पुरेशी तकलीफ झालेली आहे. प्रौढ साक्षरतेचा नवा कार्यक्रम आला तेव्हा आमच्या शाळेत मी सगळ्यात नवा होतो, आणि अशी कामं सगळ्यात नव्या माणसाकडे आपोआप घरंगळत येतात. संघटनेनं या अशैक्षणिक कामाचा निषेध केला, त्या निषेधावर मी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी दारोदार निरक्षर शोधत फिरायला लागलो. शेजारचं गाव काय म्हणेल म्हणून कोणी निरक्षर असल्याचं कबूल करेना. ज्या आजीबाई रेशनच्या दुकानात अंगठा लावतात, त्यांची सून दारात उभी राहून सांगायची, "आमच्यात समदे शिकलेले हायेत."

गल्लीच्या टोकाला एक बाई अंगणात हळदीचं बेणं निवडत बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, नखं हळदीनं कायमची पिवळी झालेली. आवाज असा की शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर बोलायचीच सवय असावी. मी शेजारच्या घरी विचारत होतो, ते तिनं ऐकलं आणि तिकडूनच म्हणाली, "मी हाये. लिव्हा माह्यं नाव."

मी लिहिलं. ती उठून आली, माझ्या कागदावर वाकली.

"कुठं लिव्हलं?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"एवढंच व्हय?" तिचा विरस झाला होता. मग लगेच सौदा पक्का करावा तशी म्हणाली, "गुर्जी, मला शावनात पोथी वाचायची हाये. एक अध्याय. तेवढं शिकवता का?"

मी छाती फुगवून हो म्हणालो. माझे आजोबा हिंगोलीत देवळात पुराण सांगायचे. त्यांच्या आवाजानं म्हणे रस्त्यावरचा माणूस चपला काढून आत यायचा. त्या घराण्यातला मी. मी शाळेत परिपत्रक मोठ्यानं वाचायला लागलो की मुख्याध्यापकांना झोप लागते. पण त्या क्षणी मला आजोबाच आठवले.

पोथीचं प्रकरण मला नंतर हळूहळू कळलं. गावात श्रावणभर मारुतीच्या देवळात दुपारी बायका पोथी लावतात, रोज एक अध्याय. वाचायला निर्मलाकाकू. मोठ्या घरची सून, लग्नाआधी मॅट्रिक झालेली, गळा गोड. आणि कौतिकामायकडे वर्षानुवर्षं एकच काम : जागा सारवायची, पाट मांडायचा, त्यावर घडी केलेलं धाबळीचं आसन घालायचं, समई लावायची आणि मग मागे खांबाला टेकून बसायचं. नवरा गेला, लेकींची लग्नं झाली, सून घरात आली, तरी हे काम तिचंच.

"पाट मीच मांडायचा आन् बसायचं दुसऱ्यानं," ती एकदा म्हणाली. तक्रार नव्हती तिची. बरेच दिवस बघितलेली एक गोष्ट तिनं सांगितली, एवढंच.

वर्ग शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी भरायचा. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की प्रौढांना जीवनोपयोगी शिक्षण द्यायचं. पुस्तकात सगळं होतं. बँक, मतदान, आपत्ती आली तर काय करावं, मोबाइलवरून पैसे कसे पाठवावेत. कौतिकामायनं पुस्तक उलटसुलट केलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"ही बाई काय करून राहिली?"

"ही मोबाइलवरून व्यवहार करतेय."

"आन् पोथी कुठं हाये?"

"यात पोथी नसते, माय." आणि मग मी तिला जीवनोपयोगी साक्षरता म्हणजे काय, यावर प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं भाषण ऐकवलं. तिनं ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का तुमचं? मंग आता 'क' कुठून सुरू होतो ते सांगा."

पहिले काही आठवडे तर मी स्वतःवरच खूश होतो. मी फळ्यावर लिहायचो, छडी टेकवायचो, आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या. रोज फोटो काढून ॲपवर टाकायचो, आणि प्रगतीच्या रकान्यात 'उत्तम' लिहायचो. एक दिवस मी छडी टेकवायला विसरलो आणि व्हरांडा गप्प झाला. चौकशी करता कळलं की पुढच्या रांगेतल्या दोघी सोडल्या तर फळा कोणाला दिसतच नव्हता. पुढच्या दोघी म्हणतील ते मागच्या म्हणत होत्या. कौतिकामाय सगळ्यात मागे, सगळ्यात मोठ्यानं.

"मला वाटलं असंच ऱ्हातं शिकनं," ती म्हणाली. "कुनीतरी म्हणतं, आपून म्हणायचं."

कार्यक्रमात पुस्तक होतं, बॅनर होता, शपथ होती. चष्म्याचं कोणी मनावर घेतलं नव्हतं, आणि त्या 'कोणी'मध्ये मीही आलोच. पुढं तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं, तिथं सगळ्यांना घेऊन गेलो. चष्मा लावून परत आल्यावर कौतिकामायनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "गुर्जी, तुमी इतके बारीक हायेत व्हय?" एवढंच बोलली आणि फळ्याकडे वळली.

त्या दिवसापासून ती खरी शिकायला लागली आणि माझे हाल सुरू झाले. तिचा एक नियम होता, तो तिनं कोणाला विचारून केला नव्हता. ती वाचताना अडली तर सांगायचं नाही. अजिबात नाही. कोणी शब्द सांगितला की ती "सांगू न्हाई!" असं ओरडायची आणि त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला परत जायची. मी एकदा समजावलं की अडलेल्याला मदत करणं हे शिक्षकाचं कामच असतं.

"सांगितलेलं माह्यं न्हाई," ती म्हणाली. "वाचलेलं माह्यं."

आणि ती वाचायची ते मनात नाही. खताची पोती, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात, वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवरच्या सगळ्या शुभेच्छुकांची नावं ती क्रमानं, मोठ्यानं वाचायची. तिच्या मागे बैलगाडी थांबलेली असायची.

एकदा फाट्यावर आम्ही दोघं एसटीसाठी उभे होतो. गाडी आली. सगळे चढले. कौतिकामाय गाडीच्या समोर उभी राहून बोर्ड वाचायला लागली. "हिं... गो..."

"मावशी, हिंगोलीच हाये, चढा!" कंडक्टर दारातून ओरडला.

झालं. ती परत 'हिं'वर गेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी मागच्या दारानं आत शिरून खिडकीतून दुसरीकडे बघत बसलो, जणू ही बाई माझ्या ओळखीचीच नाही. बोर्डावर खाली बारीक अक्षरात मधल्या गावांची नावं होती, ती पण तिनं सोडली नाहीत. मग सावकाश वर चढली, माझ्याजवळ येऊन बसली आणि कंडक्टरला म्हणाली, "हे माहे गुर्जी. ह्यायनंच शिकवलं मला." सगळी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. त्या नजरांत कौतुक नव्हतं, एवढं नक्की.

आकड्यांचं तिला सुरुवातीला काहीच नव्हतं. हिशेब तिचा तोंडी चालायचा, तो बरोबर असायचा की नाही हे तिच्या सुनेला माहीत. पण मी एकदा आजोबांच्या पेटीतली पोथी हिंगोलीहून आणली, गावात वाचतात तीच, आणि तिला दिसलं की प्रत्येक ओवीच्या शेवटी आकडा असतो. मग आकडेही आलेच. मी सांगितलं की ते वाचायचे नसतात, नुसती खूण असते.

"लिव्हलंय ना? मंग वाचायचं."

परीक्षेच्या दिवशी गावात हळद शिजवायचं काम जोरात होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, आणि तरी सगळ्या वर्गाला शिजलेल्या हळदीचा वास येत होता. आम्ही गुलाबाचं फूल देऊन स्वागत केलं, फोटो काढला. कौतिकामायनं पेपर पूर्ण लिहिला, वेळ संपल्यावर नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चालू लागली.

"माय, पेपर इथं द्यायचा असतो!"

"काहून?"

"तपासायला."

"मह्या हातानं लिव्हलाय मी. घरी न्यायचा हाये." आणि गेलीसुद्धा.

मी मागे धावलो. ती लांब ढांगा टाकत शेताकडे, मी धुऱ्यावरून, आणि धुऱ्याच्या शेवटी माझा पाय घसरून मी खणलेल्या हळदीच्या ढिगात. हळद शिजवणाऱ्या माणसांनी काम थांबवून बघितलं. तिथंच पिवळा होऊन बसल्या बसल्या मी तडजोड केली : पुसेगावला जाऊन पेपरची झेरॉक्स काढायची, म्हणजे एक तिला, एक सरकारला. माझ्यावर भरवसा नसल्यामुळे ती मोटारसायकलवर मागे बसून आली. दुकानात तिनं दोन्ही कागद ओळीनं वाचून ताडून बघितले आणि झेरॉक्स माझ्या हातात दिली.

"ही सरकारला. सरकारला काय, वाचता आलं म्हंजे झालं."

मला साहेबांची बोलणी खावी लागली, खुलासा लिहावा लागला. पण निकाल आला तेव्हा तिची झेरॉक्स उत्तीर्ण झाली होती. प्रमाणपत्र तिनं अधिकाऱ्याच्या हुद्द्यासकट पूर्ण वाचलं आणि माझ्याकडे परत दिलं. "ह्याच्यात पोथीचं काई न्हाई."

सरकारी हिशेबानं ती साक्षर झाली, माझं काम संपलं. ॲपनं तिचं नाव हिरवं केलं. आणि ती मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटी-पोथी घेऊन व्हरांड्यात हजर. पोथीचा ठसा जुना, शब्दाला शब्द चिकटलेला, जोडाक्षरं अशी की मीच दोनदा अडखळलो. "गुर्जी, तुमी बी जोडूनच वाचता की," ती खूश होऊन म्हणाली. सगळा उन्हाळा आम्ही दोघं अडखळत होतो.

आषाढात आम्ही निर्मलाकाकूंकडे परवानगी मागायला गेलो. काकू वाईट नव्हत्या. त्यांनी दोघांना चहा दिला, कौतिकामायकडे नीट बघितलं.

"माझी ना नाही, कौतिके. पण आपला रिवाज तुला ठावा हाये. अध्याय सुरू झाला की पुरा करायचा. मधी कुनीच उठायचं न्हाई, आयकणाऱ्यानं बी न्हाई, आन् वाचणाऱ्यानं पाणी प्यायचं न्हाई. आन् ज्यानं अध्याय अर्धा टाकला, त्यानं परत त्या पाटावर बसायचं न्हाई. म्हातारपणी हसं करून घेऊ नको."

"न्हाई घेत," कौतिकामाय म्हणाली. घरी येताना तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण हिला कुठं नेऊन उभं करतोय, आणि हिचं तिथं हसं झालं तर आपण काय करणार, असं सारखं वाटायला लागलं. वयाच्या या टप्प्यावर तो पाट एकदा हुकला की हुकलाच.

म्हणून मी डोकं चालवलं, आणि मी डोकं चालवलं की काय होतं हे एव्हाना कळलं असेल. पोथीतला सगळ्यात लहान अध्याय मी हेरला. तो कोणत्या दिवशी येतो ते मोजलं, आणि काकूंकडून नेमका तोच दिवस मागून घेतला. का, ते कोणाला सांगितलं नाही. मग आम्ही तो एकच अध्याय घोकला. इतका की शेवटी शेवटी ती चष्मा न लावताही तो वाचायची.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही शाळेत शेवटची तालीम करत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. देवळात काकूंचा त्या दिवसाचा अध्याय संपला, पण पावसात घरी कसं जायचं म्हणून बायकांनी आग्रह करकरून आणखी एक वाचायला लावला. लहानच होता. आम्ही इकडे घोकत होतो तोच.

हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, आणि कधी, तर कौतिकामाय स्वतः मांडलेल्या पाटावर स्वतः बसल्यावर. नवं लुगडं, कपाळाला बुक्का. देऊळ भरलेलं. मी गुरू म्हणून पुढच्या सतरंजीवर, व्हिडिओ काढायला मोबाइल सरसावून. तिनं खुणेचा दोरा बाजूला केला, पान बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान लांब करून पानाचा मथळा वाचला. पुढचा अध्याय. सगळ्या पोथीतला सगळ्यात मोठा.

मी तिला खूण केली. पोट धरलं, तोंड वाकडं केलं, म्हणजे तब्येतीचं निमित्त सांग आणि ऊठ, अजून सुरू झालेलं नाही.

"गुर्जी, पोटात दुखून राहिलं का?" शेजारच्या म्हातारीनं मोठ्यानं विचारलं.

कौतिकामायनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

ती वाचत होती म्हणजे काय, हे सांगायला हवं. एक अक्षर. मग दुसरं. मग दोन्ही मिळून. मग पूर्ण शब्द, विजयानं, देवळाबाहेर ऐकू जाईल असा. ओवी संपली की आकडा. तो पहिला आकडा ऐकला तेव्हा बायका कौतुकानं हसल्या. बऱ्याच वेळानं दुसरा ऐकला तेव्हा एकीनं चुळबुळ केली. मग पोथीची जाडी आणि आकड्यांचा वेग यांचा हिशेब देवळातल्या प्रत्येकीच्या डोक्यात एकदमच झाला असावा, कारण सगळ्यांनी एकदम दाराकडे बघितलं. पण उठायचं नाही. रिवाज.

एका जोडाक्षरापाशी ती अडली. खूप वेळ अडली. माझ्या तोंडात तो शब्द आला आणि, मास्तरकीची सवय, बाहेर पडला.

"सांगू न्हाई!"

ती ओवीच्या सुरुवातीला परत गेली. सगळ्या देवळानं माझ्याकडे असं बघितलं की एसटीतली माणसं मला मायाळू वाटायला लागली. शेजारच्या म्हातारीनं मला चिमटा काढला. चांगला जोरात.

माझा मोबाइल बंद पडला. शाळा सुटून पोरं आली, दारात उभी राहिली आणि आयांनी डोळ्यांनीच दटावल्यावर खाली बसली. आमचे विस्तार अधिकारी शाळेला भेट द्यायला आले होते, ते मला शोधत देवळात आले. त्यांनाही बसावं लागलं. त्यांना नियम माहीत नव्हता. ते मोठ्या प्रेमानं पुढे झुकून म्हणाले, "आजी, ते 'द्व' आहे, 'द्व'." ती परत सुरुवातीला गेली. या खेपेला मी सगळ्यांबरोबर साहेबांकडे रागानं बघितलं. नोकरीतला तो माझा सगळ्यात आनंदाचा क्षण होता.

गोठ्यांतून म्हशी ओरडायला लागल्या. दुधाची गाडी येऊन गेली असावी. माणसं एकेक करून दाराशी जमली. "चूल पेटणार हाये का न्हाई आज?" असं कोणीतरी बाहेरून म्हणालं, त्याला आतून "शू!" असं उत्तर मिळालं. तेही पायऱ्यांवर टेकले.

आणि मग मजा संपली. तिचा आवाज बसायला लागला. आधी चिरका झाला, मग नुसती हवा. पाणी समोर तांब्यात होतं, तिनं तिकडे बघितलंही नाही. बोट मात्र पुढे सरकत होतं. दिवस मावळतीला आला, आभाळ भरलेलं, लाइट गेलेली. ती पोथीवर आणखी आणखी वाकत गेली, आणि एका ओळीवर बोट नुसतंच थांबलं. अडली म्हणून नाही. दिसत नव्हतं म्हणून. आता कोणी मागून हसलं असतं तर मी खरंच त्याच्या अंगावर गेलो असतो.

कोणी हसलं नाही. निर्मलाकाकू पहिल्या रांगेत होत्या. उभं राहायचं नाही म्हणून त्या बसल्या बसल्या सरकत पुढे गेल्या, इतक्या वयाच्या, इतक्या मोठ्या घरच्या, गुडघे धरत. समई दोन्ही हातांनी उचलली आणि पोथीच्या पानाजवळ धरली. खाली ठेवली नाही, कारण खालून उजेड पोचत नव्हता. अध्याय संपेपर्यंत धरून बसल्या. तेल त्यांच्या पातळावर सांडत होतं.

शेवटच्या ओवीचा आकडा कौतिकामायनं घोगऱ्या आवाजात, पण अगदी नीट उच्चारला. क्षणभर कोणाला कळलंच नाही की संपलं. मग जो जयजयकार झाला, तो पायऱ्यांवरच्या माणसांनीही केला.

रिवाज असा की अध्याय झाला की वाचणाऱ्याच्या पाया पडायचं. बायका रांगेनं आल्या. कौतिकामाय ताठ बसून होती, पाय लुगड्यात ओढून घेत होती. तिला ते नको होतं की सवय नव्हती, कोण जाणे. काकू आल्या तेव्हा तिनं त्यांचे हात वरच्यावर धरले. मग मी वाकलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज नसलेल्या घशानं विचारलं, "बराबर वाचलं का?"

"बराबर वाचलं, माय," मी म्हणालो.

फुटाणे-साखर हातात पडताच देऊळ क्षणात रिकामं झालं. बायका अक्षरशः पळाल्या. मी साहेबांना गाडीपर्यंत पोचवलं. ते कशासाठी आले होते ते दोघांनाही आठवलं नाही. त्यांची गाडी गेल्यावर ध्यानात आलं की माझं हेल्मेट देवळातच राहिलंय, म्हणून परत आलो. पुढच्याच आठवड्यात माझ्या बदलीचा आदेश आला आणि त्या गडबडीत तिची भेट व्हायची राहिली, तेव्हा मी तिला पाहिलं ते हेच शेवटचं.

कौतिकामाय एकटी होती. पाणी पिऊन झालं होतं. ती पाटावरून उतरून जमिनीवर बसली होती, पोथी मांडीवर, समई अगदी गुडघ्याशी.

"माय, घरी नाही जायचं? झाला की अध्याय पुरा."

"झाला. लोकायला आयकवायचा व्हता, तो झाला." ती खाकरली. "पर गुर्जी, त्याच्यात झालं काय? कोन कुनाला काय म्हणलं, ती राणी काहून रडून राहिली, मला काईच कळलं न्हाई. अक्षरं सांभाळता सांभाळता गोष्टच राहून गेली. तुमाला कळली का?"

मी आठवून बघितलं. मला एकही घटना आठवेना. राणी होती, हेच मला तिच्याकडून कळलं. मी मान हलवली.

"मंग?" ती म्हणाली, आणि पानं उलटत पहिल्या ओवीवर आली.

ती हळू वाचत होती, ओठांतल्या ओठांत, एक ओवी झाली की थांबून विचार करत. मी हेल्मेट हातात घेऊन दाराशी उभा राहिलो. बराच वेळ तसं चाललं. मग एका ठिकाणी तिचं बोट थांबलं, ती परत त्या ओळीवरून गेली, आणि एकटीच खुदकन हसली.

"काय झालं, माय?" मी विचारलं.

तिनं वर बघितलं नाही. नुसता हात हलवला.

"थांबा गुर्जी. मी वाचून राहिले."